बाबांचा गुडघा

"कुठला गुडघा?" डॉक्टर भट्टांनी विचारलं.

"उजवा," दीप्ती म्हणाली.

"डावा," जगदेवराव म्हणाले.

दीप्ती ओशाळली. "घरी उजवा चोळत असतात, म्हणून म्हटलं."

"फिरतं दुखणं आहे," सासरे दाराजवळच्या स्टुलावरून म्हणाले. पेशंटच्या खुर्चीत त्यांनी सुनेला बसवलं होतं. खोल खुर्चीतून उठवत नाही म्हणे.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "मनातून आलेलं दुखणं एका जागी बसतंच असं नाही, काका."

अकोटा भागातला हा दवाखाना असल्याच दुखण्यांसाठी नावाजलेला. एक्स-रे स्वच्छ येतो आणि माणूस मात्र कण्हत राहतो, अशांसाठी. पीयूषनं आधी हे नाव बायकोलाच सुचवलं होतं. सानवी झाल्यापासून दीप्तीची कंबर धरलेली. पोरगी हात वर करून "घे" म्हणाली, की दीप्ती खाली बसून तिला जवळ ओढायची. उचलणं जमत नव्हतं. एमआरआयमध्ये काही निघालं नाही, तेव्हा पीयूष हळूच म्हणाला, "भट्टमॅडमना दाखवू या का?" दीप्ती उखडली. "म्हणजे मी ढोंग करते?" विषय तिथंच मिटला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबांचा गुडघा बोलायला लागला. आता मात्र दीप्ती घाबरली. सासूबाई शाळेत, पीयूष रिफायनरीत पाळीवर. जूनमध्ये तिला कॉलेजात परत रुजू व्हायचं होतं. बाबाच जिना चढेनासे झाले तर सानवीला सांभाळणार कोण? नोकरी गेलीच म्हणायची. म्हणून तीच त्यांना हरणीच्या घरून रिक्षात घालून घेऊन आली होती. स्वतःच्या कंबरेबद्दल ती इथं चकार शब्द बोलणार नव्हती, आणि बोललीही नाही.

"कधीपासून दुखतंय, काका?"

"विहीणबाई गेल्या तेव्हापासून. इतके दिवस बोललो नाही."

दीप्तीनं चमकून मागं पाहिलं. विहीणबाई म्हणजे तिची आई.

"काय झालं होतं?"

जगदेवराव चष्मा पुसायला लागले. रेल्वेत गार्ड होते, जन्मभर शिट्टी आणि बावट्यानं काम भागवलेलं. "ती सांगेल. मला नाही जमायचं."

मग दीप्तीनंच सांगितलं. नववा महिना होता. सकाळी माहेरून, डभोईहून भावाचा फोन आला. ती चपला घालून निघालीच होती, पण बाबा दारात उभे राहिले. भरल्या दिवसांच्या बाईनं मयताला जाऊ नये, म्हणाले. आईचं तोंडही पाहायला मिळालं नाही. शेजारपाजारच्या बायका येऊन सांगत, रडू नकोस गं, बाळाला लागतं. ती रडली नाही. पंधरवड्यात सानवी झाली. मग बारसं, लशी, जागरणं. रडायला वेळ कुठं होता?

"नंतर डभोईला गेलात?"

"नाही. कुलूप आहे घराला."

"काकांच्या मनाला तेच लागलं असणार," डॉक्टर म्हणाल्या.

बाबा फरशीकडे पाहत होते. इतके दिवस दीप्तीच्या मनात त्यांच्याविषयी अढी होती. आज तिला त्यांची कीव आली.

डॉक्टरांनी एकही गोळी लिहून दिली नाही. "यांना डभोईला न्या. घर उघडा, घाई करू नका. आणि रोज संध्याकाळी यांना चालवा. एकटं सोडायचं नाही, तुम्ही बरोबर. वाटेत आईंविषयी बोलायचं. काका काही बोलणार नाहीत, तुम्हीच बोला. सारुं? जमेल ना?"

रिक्षात दीप्ती म्हणाली, "बाबा, त्यांनी गुडघा बघितलासुद्धा नाही."

"मोठी डॉक्टर आहे. बघावं लागत नाही."

रविवारी ते डभोईला गेले. कुलपात तेल सोडावं लागलं. "मी इथं ओट्यावर बसतो," बाबा म्हणाले. "पोरीला ठेव माझ्याजवळ. तू आत जा."

कपाटात आईच्या नेसत्या साड्या होत्या आणि त्यांवर एक दुपटं, अर्धं शिवलेलं. सुई तशीच टोचलेली होती. दीप्ती ते मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. पुढं किती वेळ गेला, तिला कळलं नाही. रडू नकोस म्हणायला कुणी आत आलं नाही.

बाहेर आली तेव्हा ओट्यावरचं ऊन उतरलं होतं. बाबा चक्क मांडी घालून बसलेले, मांडीवर सानवी गाढ झोपलेली.

"बाबा, गुडघा?"

"झोपली पोर, काय करणार," म्हणत ते उठले. भिंतीला हात त्यांनी जरा उशिरानंच लावला.

मग रोजचं चालणं सुरू झालं. दीप्ती बोलायची, बाबा हुंकार द्यायचे. आईच्या हातचं सुरळीच्या वड्यांचं बिघडलेलं पीठ, आईचं गुजराती, आईचे टोमणे, सगळं बोलून झालं. सासूबाई, विजयमालाबाई, दारातून म्हणायच्या, "माझ्याबरोबर कधी कोपऱ्यापर्यंत आले नाहीत. आता सुनेबरोबर सगळी हरणी पालथी घालतायत." पण सानवीला त्याच सांभाळायच्या, कुकरही त्याच लावायच्या.

पावसाळा सरता सरता बाबांनी गुडघा चोळणं सोडलं. दीप्तीचं कॉलेज तर केव्हाच सुरू झालं होतं. डॉक्टरांनी शेवटचं बोलावलं, तेव्हा तिनं आदल्या दिवशी चिरोटे तळले. दवाखान्याच्या पायरीशी सानवीनं हात वर केले, "घे." दीप्तीनं एका हातात डबा सावरत तिला कडेवर घेतलं आणि जिना चढून गेली. मागून बाबा आले.

"तुमचे उपकार कसे फेडू?" डबा टेबलावर ठेवत ती म्हणाली. "बाबांचा गुडघा बरा केलात. माझं घर उभं राहिलं, मॅडम."

डॉक्टरांनी एक चिरोटा उचलला आणि डबा स्टुलावरच्या जगदेवरावांपुढं धरला.

"गुडघ्याचं काकांना ठाऊक, मी तो पाहिलेला नाही," त्या म्हणाल्या आणि दीप्तीकडे वळल्या. "पेशंटची कंबर कशी आहे, ते सांगा, दीप्तीबेन."