शारजाची तलवार

"साहेब, धार नाही हिला. केळंसुद्धा कापत नाही ही," हिलालने चौथ्यांदा सांगितलं.

सुरत विमानतळावरच्या कस्टमच्या साहेबांनी मान वर केली नाही. साहेब मूळचे धुळ्याचे निघाले, बोलत होते मराठीत. पण त्याचा काडीचा उपयोग नव्हता. शारजाहून उतरून पाच तास झाले होते. मुहूर्त बारा पस्तीसचा, आणि दहा तर इथेच वाजून गेले. काय वैताग आहे हा! माणसाने पोराचं लग्न बघायचं, की फॉर्म भरत बसायचं?

"मुलाला दुसरी घेऊन द्या ना, काका. मंडपवाले भाड्याने देतात."

"दुसरी चालत नाही. हीच न्या म्हणालाय तो."

"एवढा हट्टी?"

"मुलीकडचे त्याहून हट्टी. दोनदा तारीख पुढे ढकलली. आज लग्न लागलं नाही तर सोयरीक मोडली म्हणाले."

साहेबांनी पासपोर्ट चाळला. "आठ दिवसांपूर्वी गेलात, आज परत. एवढ्या तलवारीसाठी गेलात?"

"गेलो होतो दुसऱ्याच कामाला. तिथल्या एका शेठच्या हातापाया पडलो. नाही जमलं."

तेवढ्यात डिंडोलीहून बायकोचा फोन. "कोठे शेतस तुम्ही? सगळा वाट दखी ऱ्हायनात!"

"निघतोच आहे, रंजना. भटजींना थांबव जरा."

साहेबांनी पट्टीने पातं मोजलं, कागद कापून बघितला. कागद नुसता चुरगळला. मग मुठीवरचा पिवळा डाग त्यांना दिसला आणि त्यांनी रुमाल काढला.

"पुसू नका!" हिलाल एवढ्या मोठ्यांदा ओरडला की रांगेतले लोक वळून बघायला लागले. "हळद आहे ती. नवरीला लावायची आहे."

साहेबांनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं, रुमाल खिशात घातला आणि कागदावर शिक्का मारला. "शोभेची वस्तू, असं लिहिलंय. जा. बाहेर म्यानातून काढू नका."

उधन्याजवळ रिक्षा अर्धा तास जागची हलली नाही. हिलालने रिक्षावाल्यावर तोंडसुख घेतलं, सिग्नलवर घेतलं, शेवटी स्वतःच्या नशिबावर घेतलं. डिंडोलीच्या मंडपाशी पोचला तेव्हा बारा अठ्ठावीस झाले होते. मुलीचा मामा उठून निघायच्या बेतात होता.

"आली!" कुणीतरी ओरडलं. रंजनाने धावत येऊन तलवार दोन्ही हातांनी घेतली. मुठीवरची हळद बोटाने खरवडून तिने नवरीच्या, वर्षाच्या, गालाला लावली. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. हिलाल एका खांबाला टेकून उभा राहिला.

"नवरीने हार घालावा," भटजी म्हणाले.

अंतरपाट बाजूला झाला. वर्षाने पदराने डोळे पुसले, आणि शेठने पासपोर्ट दाबून ठेवल्यामुळे शारजात अडकून पडलेल्या नवरदेवाच्या, वाल्मिकच्या, नावाचा हार त्याच्या जागी पाटावर उभ्या केलेल्या तलवारीला घातला.