पेन्सिलचे गुण

"पायऱ्या कुठायत गं राणी? उत्तर बरोबर, पण गुण दोनच." तपासणी-यंत्र शालिनीबाईंच्याच आवाजात बोललं. बाई गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून आणि त्यांनी तपासलेले पेपर वाचून यंत्र शिकलं होतं.

निलोफरने गणित आकृती काढून सोडवलं होतं. "अपील करू का, मॅडम? पण जिंकले तर यंत्र चुकलं असं ठरेल आणि ते बदलतील. बाईंचा आवाज जाईल."

गार्गी मॅडम म्हणजे बाईंची मुलगी, याच शाळेत शिकवणारी. रोज मधल्या सुट्टीत ती या यंत्रापाशी थांबायची. तिने आकृती नीट पाहिली. रीत नवी होती आणि अचूक होती.

आई गुण आधी पेन्सिलने लिहायची. पेपर वाटून म्हणायची, "या आता भांडायला!" हरली की खुशीत खोडायची, शाई त्यानंतर. यंत्र तिचं सगळं शिकलं होतं, खोडणं तेवढं राहिलं होतं.

"कर अपील," गार्गी म्हणाली. "आईने तुझी आकृती साऱ्या वर्गाला दाखवली असती."

निलोफर धावत गेली. घंटा झाली तरी गार्गी तिथेच उभी होती.

"हरलीस हं, आई," ती हळूच म्हणाली.

"पायऱ्या कुठायत गं राणी?" यंत्राने विचारलं.