थांबतानाचा आवाज

"रिक्षासारखा?" कुर्ल्याहून फोनवर कुंडलिक मेकॅनिक ओरडला.

"रिक्षा नाही हो! म्हणजे रिक्षाच, पण चढावरची," सुलक्षणा म्हणाली. कपाळावर घाम, हाताला साबणाचा फेस, आणि काळा रिसीव्हर कानाला दाबलेला.

"ताई, वर्णन नको. आवाज काढा. तोंडानं."

सुलक्षणानं इकडेतिकडे बघितलं. घर जोसेफीनचं, फोनही जोसेफीनचा. मरोळ गावठाणातलं जुनं दुमजली घर. खाली ही मालकीण, वर सुलक्षणाचं बिऱ्हाड. कपडे धुवायची मशीन वर, फोन खाली, आणि फोनची वायर काय जिना चढत नाही. मघाशी जोसेफीननं रिसीव्हर छताकडे धरून बघितला. कुंडलिकला फक्त तिच्या कोंबड्या ऐकू आल्या.

"घर्रर्र... ख्यॅक... घर्रर्र," सुलक्षणानं लाजत लाजत काढला.

"ही बकरी झाली. दुसरं कोण आहे का घरात?"

कुंडलिकचंही काही चुकत नव्हतं. दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मशीन त्याच्यापुढे अशी गुणी पोरीसारखी चालली, की बिचारा चहा पिऊन परत गेला. त्याची पाठ वळली की कपडे पिळायचा डबा असा किंचाळायचा, खाली जोसेफीनच्या फळीवरचे कप नाचायचे. आता कुंडलिक म्हणत होता, आधी रोग कळू दे, मग सामान घेऊनच येतो.

पण आज वेळच नव्हता. सुलक्षणाच्या नवऱ्यानं, जयवंतनं, मशीन चारकोपच्या दोस्ताला देऊन टाकायची ठरवली होती. "फुटेल एक दिवस. घरात म्हातारी आई आहे," एवढंच त्याचं म्हणणं. दोस्त टेम्पो घेऊन निघाला पण होता. तो यायच्या आत रोग कळला तर मशीन राहील. नाही तर सीप्झमधल्या कारखान्यातली ड्युटी करून आल्यावर सुलक्षणा पुन्हा मोरीत, धोपटणं हातात.

"दे इकडे," जयवंत पुढे झाला. "तुला धड सांगता पण येत नाही." त्यानं छाती भरून घेतली. "भ्रूंऽऽऽ! टाक टाक टाक! भ्रूंऽऽऽ!"

जोसेफीन पदरात तोंड खुपसून हसली. "अरे जयवंता, हे तर तुझं घोरणं! रोज रात्री ऐकते मी खालून."

"भाऊ, बुलडोझर घेतलाय का तुम्ही?" कुंडलिक म्हणाला. "बरं, एवढंच सांगा. आवाज चालताना येतो, का थांबताना?"

नवऱ्यानं बायकोकडे बघितलं. बायकोनं नवऱ्याकडे.

"येतो यार, मध्येच कधीतरी!" जयवंत वैतागला.

"असं कसं? चालताना येत असेल तर मोटरचं मोठं काम. थांबताना असेल तर गोष्ट वेगळी."

"बघ, मोटर गेली," जयवंत सुलक्षणाला म्हणाला. "जाऊ दे तिला."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी, क्रुसाजवळ, टेम्पोचा हॉर्न वाजला. सुलक्षणा खुर्चीच्या कडेवर बसली.

जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, मग थांबा. परत एक पायरी. जयवंतची आई, जानकी, भिंत धरून उतरत होती. मशीन आल्यापासून म्हातारीनं तिच्यात एक रुमाल टाकला नव्हता. स्वतःची लुगडी अजून हातानं धुवायची.

"माका दी तो फोन."

"आई, तू कशाला..."

"दी म्हणतंय ना!"

तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "आयक हां, झिला."

म्हातारीनं गाल आत ओढले. आधी गळ्यातून बारीक घरघर निघाली. ती हळूहळू खाली खाली आली, आता विझणार असं वाटलं, आणि एकदम "टिक्... क्रीऽऽऽच!" शेवटी तिचे खांदेसुद्धा थरथरले. सुलक्षणानं दचकून वर छताकडे बघितलं. वर मशीनचा प्लग तर तिनंच काढून ठेवला होता.



"आजी, परत एकदा," पलीकडून कुंडलिक म्हणाला.

जानकीनं परत काढला. टिक् तिथंच, क्रीच तेवढीच.

"थांबताना!" कुंडलिक ओरडला.

"मगे? चालताना काय्येक नाय तिका. थांबताना वरडता. ता पण जड चादरी असल्या तर. तुझ्यापुढे रिकामीच फिरवतत, मगे कशी वरडतली?"

"ब्रेक घासलाय, आजी! डब्याचा ब्रेक!" आता कुंडलिकचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "फुटत-बिटत नाय काही. ब्रेकची पट्टी घेऊन निघतो मी. कुठं पाठवू नका तिला!"

जयवंत आईकडे बघत राहिला. "आई, तू तर तिच्या बटणाला हात पण लावत नाहीस."

"हात कित्याक लावू? मी रोज बसतंय तिच्यापाशी."

टेम्पोचा हॉर्न परत वाजला. जयवंतनं डोकं खाजवलं, चपला पायात सरकवल्या आणि दोस्ताला परत पाठवायला बाहेर पडला. सुलक्षणा त्याच्या मागं दारापर्यंत धावली. तो खरंच तसं सांगतोय का, हे तिला कानांनी ऐकायचं होतं.

जोसेफीननं फोन ठेवायला हात पुढे केला. जानकी रिसीव्हर सोडेना.

"थांब गो." ती फोनमध्ये म्हणाली, "झिला, आसस मा?"

"आहे ना, आजी. बोला."

"आता ती बरी आसता तेवाचो आवाज आयक."

आणि जानकीनं डोळे मिटले. "हूंऽऽऽ..." एकसारखा, गोल, कुठं खडा नाही. दम संपला, तिनं श्वास घेतला, परत सुरू केला. दारातून सुलक्षणा वळली आणि तिथंच उभी राहिली.

कुर्ल्याला कुंडलिकनं फोन ठेवला नव्हता.