सिस्टरांसाठी मुरांबा

फिरदोसच्या अवघड बाळंतपणात मार्था सिस्टर दोन दिवस तिच्या उशापासून हलल्या नव्हत्या. त्यांना नाताळाला विकतचा केक काय द्यायचा, म्हणून फिरदोसनं आयुष्यात पहिल्यांदाच आल्याचा मुरांबा केला. दोन किलो आलं सोलताना बोटांची आग आग झाली. तरी बरणीला लाल रिबीन बांधून नाताळाच्या सकाळी ती भवानी पेठेतून थेट सिस्टरांच्या दारात हजर झाली.

"हॅपी ख्रिसमस, सिस्टर! एक तुकडा माझ्यासमोर खावा की!"

सिस्टरांनी तुकडा तोंडात टाकला. अख्खा वॉर्ड जिला टरकून असायचा, त्या बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी नुसता फिरदोसचा हात घट्ट धरला.

घरी येऊन फिरदोस नवऱ्याला डोळे पुसत सांगू लागली, "एवढी कडक बाई, पण लई भरून आलं हो त्यांना!" ऐकता ऐकता खालिदनं पातेल्यात उरलेला एक तुकडा तोंडात टाकला.



"मलापण लई भरून आलंय," तो कसाबसा म्हणाला, "आधी पाणी दे."