अळणी कालवण

मालिका सुरू व्हायच्या आधीच हौसाच्या घरात अर्धी आळी येऊन बसली. तिचा मिथुन मुंबईला मालिका लिहितो हे गावाला ठाऊक होतं. पण या वेळी त्याने स्वतःचं लहानपण लिहिलं होतं, गावासकट, मिठागरासकट. नाव 'आगरातले दिवस', आणि विनोदी. टीव्हीही त्यानेच धाडलेला, अर्धी भिंत व्यापणारा. त्याच्या वर काळुरामचा फोटो. नवरा मेल्यापासून फोटोला हौसाने कधी हार घातला नव्हता. आज शेजारच्या मालूने पेणहून झेंडूचा आणून घातला.

हौसा मागे भिंतीला टेकून बसली. तिला एकच बघायचं होतं. पोराने त्या दिवसाचं ताट मालिकेत घेतलंय का, आणि घेतलंय तर कसं.

पडद्यावरची खाडी निळीशार होती. मिठाच्या ढिगांवरून पोरं घसरगुंडी खेळत होती. खऱ्या ढिगावर कुणी बूड टेकलं असतं तर मुकादमाने पाठ सोलली असती. मग बाप आला. डुलत, गाणं म्हणत, दारातल्या चपलांना वाकून नमस्कार करत. बाया खदखदल्या.

"काळूदादाच गो! अगदी तसाच चालायचा."

"माणूस जिवंत केला पोरानं!"

पिणारा माणूस पडद्यावर गोडच दिसतो. पडद्याला वास नसतो.

मग आई आली. मिठागरात राबणारी बाई म्हणे, आणि तळहात लोण्यासारखे. तिने नवऱ्यापुढे ताट ठेवलं. त्याने घास घेतला, तोंड वाकडं केलं.

"मिठागरवाल्याचं घर, आणि कालवण अळणी?"

"अगं बाई, विसरलेच!" नटीने कपाळावर हात मारला.

ताट उडालं. नटी झटकन खाली वाकली. ताट तिच्या डोक्यावरून जाऊन भिंतीवरच्या घड्याळावर आदळलं. घड्याळाच्या काट्यावरून कालवण ठिबकू लागलं, आणि वर माळ्यावर बसलेला पोरगा पोट धरधरून हसला. टीव्हीत कुठेही न दिसणारी माणसंसुद्धा हसली. इकडे आळीतल्या सरूच्या डोळ्यांत पाणी आलं हसून.

"विसराळू मेली!" मालूने हौसाच्या मांडीवर थाप मारली. "वैनी, खरंच असं झालेलं?"

"व्हय," हौसा म्हणाली आणि हसली.

ती काही विसरली नव्हती. त्या दिवशी खाऱ्या पाण्याने दोन्ही हातांच्या भेगा फुटल्या होत्या. मिठाच्या मडक्यात हात घालवेना, म्हणून तिने पोराला सांगितलं, मिथुन, कालवणात मूठभर मीठ टाक रं. पोरगा व्हय म्हणाला आणि खेळायला पळाला. बाप घास थुंकला तेव्हा तो तिच्या मागे पदर धरून उभा होता. तिने सांगितलं, मीच विसरले.

दुसऱ्या दिवशी भुवईवर हळद घेऊन ती मिठागरावर गेली. बायांनी विचारलं, ती हसत म्हणाली, घसरले गो. घरी येऊन पोरालाही तेच शिकवलं: कोणी विचारलं तर हसायचं. आपण हसलो की लोक पुढचं विचारत नाहीत.

पोरगा हुशार निघाला. त्याचाच धंदा केला.

मालिका संपली. बायांनी चहा घेतला, काळुरामला हात जोडले. "पोरगा असावा तर असा," सरू दारात म्हणाली. मालूने चटया गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या आणि तीही गेली. त्यातल्या एकीलाही भुवईची खूण नवी नव्हती. रोज बघितलेल्या वस्तूकडे कोण बघतं?

हौसाने टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र तसंच राहू दिलं. घरात तेवढीच हालचाल.

फोन वाजला.

"आई! बघितलंस?"

"बघितलं."

"हसलीस की नाही?"

"सगली हसली. सरूला तर ठसका लागला."

"ताटाचा सीन कसा वाटला? इकडे सगळे म्हणतात, अख्ख्या भागात तोच भारी. पण आई, तुला राग तर नाही ना आला? विनोदी करायचं म्हणजे थोडं बदलावं लागतं."

हौसाने वर बघितलं. झेंडूच्या हाराआडून काळुराम सगळ्या गावाचा लाडका झाल्यासारखा बघत होता. तिचं बोट आपसूक भुवईकडे गेलं. तिथे केस उगवत नव्हते.

"राग कसला रं? ती बाई चांगली हाय. चपल हाय. पटकन वाकली."

"ट्रेनिंग असतं गं त्यांना!" मिथुन हसला.

"तसं नाय," हौसा म्हणाली. "तिच्या मागं कोन नव्हतं."