आखूड तुकडा

अण्णांनी अवघड पत्रा पुन्हा धाकट्याच्याच हातात दिला आणि थोरल्याच्या अंगाची लाही लाही झाली.

त्यांच्या पत्रेकामाच्या दुकानात वाकडंतिकडं काम आलं, की बापाचा हात आपोआप धाकट्याकडे वळायचा. बेकरीच्या भट्टीवरचा हूड असो की गिरणीच्या धुरांड्याची टोपी, आखणी करायची धाकट्याने आणि कडा घासायच्या थोरल्याने. तसा थोरला काही कच्चा नव्हता. त्याची शिवण सरळ यायची, त्याने लावलेला डाख गळायचा नाही. पण धाकट्याच्या हाताखाली पत्रा कागदासारखा वळताना बघायला गिऱ्हाइकं थांबायची. आपल्या कामापाशी कुणी थांबल्याचं थोरल्याला आठवत नव्हतं.

त्यातच परदेशी कंपनीच्या ट्रेड टेस्टची बातमी आली. कंपनीला पत्रेकाम करणारे हवे होते. पास होईल त्याला तिकडे नोकरी. धाकट्याने जेवताना सहज सांगून टाकलं, "मी नाव देऊन आलोय."

थोरल्याने उचललेला घास परत ताटात ठेवला. "तू जाणार?"

"बघू. पास झालो तर."

"होशील की," आई म्हणाली. "तू नाही तर कोण?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी थोरला स्वतःचंही नाव देऊन आला. परदेशाची त्याला मुळीच हौस नव्हती. डोक्यावरून विमान गेलं तरी तो आडोशाला सरकायचा. पण धाकट्याने त्या विमानात बसायचं आणि आपण खालून मान वर करून बघायचं, हे त्याला स्वप्नातसुद्धा सहन झालं नसतं.

अण्णांना त्याने बिचकतच सांगितलं. अण्णांनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट पाहिलं. "उत्तम केलंस. आजपासून माझ्यासमोर बस."

आणि खरोखरच बसवलं. रोज संध्याकाळी अण्णा त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसू लागले. एका टोकाला चौकोन, दुसऱ्या टोकाला गोल, असा हवा खेळवणाऱ्या डक्टचा जोड त्यांनी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतला. चुकला की मनगट धरून ठोका कसा द्यायचा ते दाखवायचे. "दांडगाई नको. पत्र्याला वळायला वेळ दे." असा तो हात याआधी त्याच्या मनगटावर कधी आला नव्हता. थोरला मनातून सुखावला. धाकटा तिकडे एकटाच आवराआवर करत असायचा.

"त्याला नाही शिकवायचं?" एकदा थोरल्याने विचारलं.

"त्याचं त्याला येतं," अण्णा म्हणाले, आणि सगळ्या सुखावर विरजण पडलं.

टेस्टच्या दिवशी शेडमध्ये कापायचं मशीन एकच होतं. पाळीपाळीने जायचं आणि आपापला पत्रा कापून आणायचा. मशीनच्या मागे स्टॉपर होता. पत्रा त्याला टेकवला की तुकडा बरोबर मापात पडायचा. थोरल्याची पाळी धाकट्याच्या आधी आली. त्याने स्वतःचे तुकडे कापले. मान वर केली तर परीक्षक दुसऱ्या टोकाला कुणाशी तरी बोलत होते. त्याने स्टॉपरचा स्क्रू ढिला केला, स्टॉपर किंचित पुढे, पात्याकडे ढकलला आणि स्क्रू परत आवळला. आपल्या टेबलाशी येऊन त्याने हातोडी उचलली.

धाकटा मशीनशी गेला. मागे वाकला, क्षणभर तिथेच घुटमळला. मग पुढे येऊन त्याने पत्रा कापला.

थोरला मान खाली घालून ठोकत राहिला. अण्णांनी शिकवलं होतं तस्संच.

परीक्षकांनी धाकट्याच्या जोडावर मापाचा टेप लावला. शिवणीच्या कडा एकमेकींना भेटतच नव्हत्या. "हात छान आहे," ते हळहळले, "पण तुकडा आखूड. असा जोड कसा घ्यायचा?" धाकटा नुसता ओशाळं हसला.

थोरला पास झाला.

घरी अण्णांनी त्याला मिठीच मारली. आई पदराने डोळे पुसत होती. थोरला मात्र अण्णांच्या खांद्यावरून धाकट्याचा चेहरा न्याहाळत होता. तिथे जळफळाट दिसावा, निदान एखादा सुस्कारा ऐकू यावा, म्हणून त्याचा जीव तडफडत होता. धाकट्याने शांतपणे त्याच्या ताटात वाढलं आणि म्हणाला, "दादा, पोटभर जेव."

निघायच्या दिवशी गाडी दारात आली. धाकट्याने बॅग डिकीत ठेवली. आईवडील अजून आतच होते. जिंकलेल्या माणसाला जरा उदार व्हायला काय जातं? थोरल्याने भावाच्या पाठीवर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वेळी पुन्हा टेस्टला बस. फक्त मापाकडे लक्ष दे."

धाकट्याने घराच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "दादा, स्टॉपर सरकलाय हे मला पत्रा लावतानाच कळलं होतं. मी तो जागेवर आणला."

थोरल्याचा हात त्याच्या पाठीवरून गळून पडला. "मग तुकडा आखूड कसा झाला?"

"मी आखूड कापला. अण्णांनी बजावलं होतं, पास व्हायचं नाही."

"मग नाव कशाला दिलंस?"

"तेही त्यांनीच द्यायला लावलं," धाकट्याने गाडीचं दार उघडून धरलं. "म्हणाले, तू बसलास की तो बसेल. आणि तो गेला की दुकान तुझं."