हळू आवाजात

"म्हैस व्याली का गं अक्का?" सोपानअण्णांनी फोनवर एवढ्या जोरात विचारलं, की शेजारच्या खोलीत लॅपटॉपवर मीटिंग करणारा मुलगा उठूनच आला. "अण्णा, माझ्या अख्ख्या ऑफिसला ऐकू जातं. फोनवर हळू बोलायचं असतं!"

दुसऱ्या दिवशी अण्णांनी बार्शीला अक्काला फोन लावला, तोंडापाशी हात धरला आणि हलक्या आवाजात चार शब्द बोलून फोन ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुण्यातल्या फ्लॅटच्या दारात अक्का! "काय होतंय रे तुला? जन्मात असा बोलला नाहीस. व्यायला झालेली म्हैस शेजारणीवर सोपवून पहिली एसटी धरली!" तिचे डोळे भरले होते.

"अगं, मी ठणठणीत आहे! पोरानं हळू बोलायला सांगितलं!" अण्णा असे गरजले, की अक्का रडता रडता हसली. मग भिंती हादरतील अशा आवाजात दोघं ख्यालीखुशाली विचारू लागली.

आत मीटिंगला बसलेल्या मुलानं कपाळाला हात लावला. तेवढ्यात लॅपटॉपमधून साहेबांचा आवाज आला, "अक्कांना विचार, म्हैस व्याली का? परवापासून अख्खं ऑफिस खोळंबलंय!"